पाव, सिमेंट आणि पाच देशांची सीमा

२००६ सालचा डिसेंबर. दक्षिण गोलार्धात ऐन उन्हाळा आणि केपटाउनमध्ये नाताळची लगबग. शहराच्या पूर्वेला केप फ्लॅट्स नावाचा सपाट, वालुकामय पट्टा आहे. वर्णभेदाच्या राजवटीत गोऱ्यांच्या भागांतून हुसकावलेल्या कुटुंबांना इथे आणून वसवलं गेलं. या वस्त्यांमध्ये घराच्याच एका खोलीत नाहीतर अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चालणारी दुकानं असतात. तिथे त्यांना ‘स्पाझा’ म्हणतात. मीठ, साखर, मेणबत्त्या, रॉकेल असं सगळं तिथे मिळतं, आणि रोज हमखास खपणारी वस्तू म्हणजे ब्रेड. हा ब्रेड म्हणजे आपल्या लादीतला पाव नव्हे, साधारण ७०० ग्रॅमचा विटेसारखा चौकोनी ठोकळा. अख्खा घ्यायला पैसे नसतील तर दुकानदार अर्धा कापून देतो. डरबनच्या भारतीय वस्तीत याच ब्रेडचा गाभा कोरून त्यात रस्सा भरून द्यायची पद्धत पडली. तो ‘बनी चाऊ’ आज देशभर मिळतो. मजुराचा डबा असो, शाळकरी पोराची मधली सुट्टी असो की रात्रीचं जेवण, गरिबाच्या घरात तिन्ही वेळा ब्रेडच.

मोठ्या बेकऱ्यांमधून हा ब्रेड स्पाझापर्यंत पोचवायचे ते स्वतंत्र वितरक. बेकरीतून क्रेट भरून घ्यायचे आणि वस्तीतल्या दुकानांत, फेरीवाल्यांना नेऊन द्यायचे. बेकरी त्यांना दर ब्रेडमागे काही सेंट सवलत देई. त्या सवलतीतच गाडीचं इंधन, गाडीचा हप्ता आणि घरखर्च भागवायचा. इमरान मुकद्दम हे असेच एक वितरक. त्या डिसेंबरात त्यांना आणि इतर वितरकांना समजलं की ब्रेडचा भाव वाढणार आहे आणि आपली सवलत घटणार आहे. भाव वाढतात, त्यात नवल नाही. पण टायगर ब्रँड्स, पायोनियर फूड्स आणि प्रीमियर फूड्स या तिन्ही कंपन्यांनी एकाच सुमारास, जवळपास सारखीच वाढ करावी? आणि एका बेकरीवर रागावून दुसरीकडे जावं, तर दुसरीने नवीन वितरक घ्यायला नकार द्यावा?

वितरक स्पर्धा आयोगाकडे गेले. हे लिहायला सोपं आहे. ज्यांच्या फाटकावर उद्या पुन्हा माल घ्यायला उभं राहायचं, त्यांच्याविरुद्ध आज तक्रार करायची, हे छोट्या माणसाला किती जड जातं ते कुठल्याही एजन्सीवाल्याला विचारावं.

तपासात जे बाहेर आलं, ते वितरकांच्या संशयापेक्षा मोठं होतं. कंपन्यांच्या माणसांनी आपसांत ठरवून ब्रेडमागे ३० ते ३५ सेंट वाढ केली होती. वितरकांना जास्तीत जास्त ७५ सेंटच सवलत द्यायची, आणि एकीला सोडून आलेल्या वितरकाला दुसरीने माल द्यायचा नाही, हेही ठरलं होतं. सेंट म्हणजे रँडचा शंभरावा भाग. आकडा क्षुल्लक वाटतो. पण जो माणूस अर्धा ब्रेड विकत घेतो, त्याच्या हिशेबात ३० सेंट क्षुल्लक नसतात.

सुंभ जळाला, पीळ राहिला

ही गोष्ट समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. दक्षिण आफ्रिकेत १९९१ पर्यंत ब्रेडचा भाव सरकार ठरवत असे. गव्हाची खरेदी-विक्रीही सरकारी मंडळाच्या ताब्यात होती. आंतरराष्ट्रीय बहिष्कारामुळे परदेशी कंपन्या देशाबाहेर पडलेल्या, देशातला पैसा बाहेर जाऊ शकत नव्हता, म्हणून मूठभर उद्योगसमूह एकामागून एक कंपन्या गिळत गेले. खाणी, बँका, वर्तमानपत्रं, दारू आणि पीठ, सगळं फिरून त्याच मोजक्या घराण्यांकडे. १९९४ मध्ये नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा मतपेटी सर्वांची झाली, पण बाजारपेठ होती त्यांच्याच हातात राहिली.

म्हणून १९९८ चा स्पर्धा कायदा आला आणि सप्टेंबर १९९९ पासून अमलात आला. या कायद्याची प्रस्तावना वाचण्यासारखी आहे. वर्णभेदामुळे आणि पक्षपाती कायद्यांमुळे मालकी काही थोड्यांच्या हाती एकवटली, असं ती सरळ सांगते. लहान व मध्यम उद्योगांना संधी मिळावी, इतिहासात डावलल्या गेलेल्यांच्या हाती मालकी यावी, हे त्या कायद्याचे लिखित हेतू आहेत. स्पर्धेचा कायदा म्हणजे अर्थतज्ज्ञांचा कोरडा विषय, अशी आपली समजूत असते. इथे तो सामाजिक न्यायाचा कायदा म्हणून जन्मला. तपास आयोगाने करायचा, निवाडा न्यायाधिकरणाने द्यायचा आणि त्यावर अपील न्यायालय, अशी तीन पायऱ्यांची रचना झाली. न्यायाधिकरणाचे पहिले अध्यक्ष डेव्हिड लुईस कामगार चळवळीतून आलेले होते.

पण ज्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं एकमेकींच्या शेजारी बसून सरकारने ठरवलेल्या भावात धंदा केला, त्यांना स्पर्धा करण्याची सवयच नव्हती. सरकारचा हात निघाला, तेव्हा त्या जागी त्यांनी एकमेकींचे हात धरले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

ही गाठ सुटली ती माफीच्या साक्षीदारामुळे. जी कंपनी सर्वांत आधी येऊन सगळं कबूल करील तिला दंडातून माफी, ही योजना आयोगाने २००४ मध्ये आणली होती. चौकशी सुरू होताच प्रीमियर फूड्स पुढे आली. केपटाउनमध्ये घडलं ते देशात इतरत्रही घडत होतं, आणि ब्रेडच्या मागे पिठाच्या गिरण्यांमध्येही हेच चाललं होतं, हे तिने सांगून टाकलं. टायगर ब्रँड्सने नोव्हेंबर २००७ मध्ये तडजोड करून सुमारे ९ कोटी ८७ लाख रँड दंड भरला. पायोनियरने मात्र आरोप नाकारले. ती न्यायाधिकरणापुढे लढली आणि हरली. फेब्रुवारी २०१० मध्ये तिला १९ कोटी ५७ लाख रँडचा दंड झाला. पीठ आणि मक्याच्या पिठाची प्रकरणं अजून बाकीच होती. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात पायोनियरने ५० कोटी रँडची तडजोड केली.

या तडजोडीचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. एकूण रकमेतले २५ कोटी रँड शेतमाल प्रक्रियेत उतरणाऱ्या नव्या, छोट्या उद्योगांसाठी निधी म्हणून बाजूला काढले गेले, आणि तो निधी औद्योगिक विकास महामंडळाकडे सोपवला गेला. शिवाय कंपनीने ठरावीक काळ पीठ आणि ब्रेडचे भाव उतरवायचे, आणि त्यातून आपल्या नफ्यातले १६ कोटी रँड सोडायचे, अशी अट होती. दंड तिजोरीत गेला की ग्राहकाला त्याचा गंधही लागत नाही. इथे निदान काही भाग ज्याच्या खिशातून गेला त्याच्या दिशेने परत वळवला होता.

ग्राहक आणि वितरक मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. मुलांसाठी काम करणारी एक विश्वस्त संस्था, कामगार महासंघ कोसाटू आणि ब्लॅक सॅश एकत्र आले. यांतली ब्लॅक सॅश ही १९५५ मध्ये स्त्रियांनी वर्णभेदाविरुद्ध उभी केलेली संघटना. ब्रेड खाणाऱ्या लाखो लोकांच्या वतीने एकच सामूहिक दावा चालवू द्या, अशी त्यांची मागणी होती. तीस सेंटांसाठी कोणी एकटा माणूस वकील लावणार नाही, आणि संगनमत करणारे नेमके त्यावरच विसंबून असतात. २९ नोव्हेंबर २०१२ ला सर्वोच्च अपील न्यायालयाने असे सामूहिक दावे चालू शकतात असं मान्य केलं आणि त्यासाठीचे निकष घालून दिले. वितरकांच्या वतीने मुकद्दम यांनी केलेला अर्ज मात्र तिथे फेटाळला गेला. ते घटना न्यायालयात गेले. २७ जून २०१३ च्या निकालात त्या न्यायालयाने आधीचे नकार रद्द केले. न्यायाचं हित कशात आहे, हीच खरी कसोटी, असं ठरवलं. ब्रेडच्या क्रेटपासून सुरू झालेलं प्रकरण देशाच्या सर्वोच्च पीठापर्यंत पोचून कायदा घडवून आलं.

पोर्ट शेपस्टोनची बैठक

ब्रेड फार दूर जात नाही. दोन दिवसांत शिळा होतो. सिमेंटचं तसं नाही. पोतं मालगाडीत चढलं की सीमा ओलांडून जातं. आणि दक्षिण आफ्रिकेच्या सीमेपलीकडे बोट्स्वाना, नामिबिया, लेसोथो आणि स्वाझीलँड (आजचं एस्वातिनी) हे चार देश तिच्याशी जकात संघाने बांधलेले आहेत. १९१० पासून चालत आलेला हा संघ जगातला सर्वांत जुना जकात संघ मानला जातो. पाचही देशांत एकच जकात, आणि जमलेला पैसा सूत्राप्रमाणे वाटून घ्यायचा.

सिमेंट कंपन्यांसाठी पाच देश मिळून एकच बाजार होता, आणि तो वाटून घेणं कायदेशीरही होतं. कारखान्यांनी कोटे ठरवावेत, एकत्र विक्री करावी, याला सरकारी सूट होती. ती १९९६ मध्ये संपली. त्यानंतर काही काळ खरोखरच भावयुद्ध झालं. मग १९९८ मध्ये डरबनच्या दक्षिणेला समुद्रकाठच्या पोर्ट शेपस्टोन गावात कंपन्यांची बैठक झाली. जुन्या सरकारमान्य संगनमतात ज्याचा जेवढा हिस्सा होता तेवढाच पुढेही राखायचा, भावाची चौकट सांभाळायची, काही भागांतली डेपो आणि विक्री आवरती घ्यायची, असं ठरलं.

शब्द देणं सोपं, पाळणं अवघड. कारण प्रत्येकाला चोरून थोडं जास्त विकण्याचा मोह असतो. मग एकमेकांवर नजर कशी ठेवायची? त्याचंही उत्तर शोधलं होतं. प्रत्येक कंपनी आपल्या विक्रीचे बारीक आकडे लेखापरीक्षकामार्फत उद्योगाच्या सामाईक संस्थेला देई: कुठल्या भागात किती, पोत्यातून किती आणि सुटं किती, कुठल्या प्रकारच्या गिऱ्हाइकाला किती. एकत्र केलेले आकडे परत सगळ्यांकडे जात. कोणाचा हिस्सा वाढला हे त्यातून लगेच कळे. वरकरणी हे उद्योगाचं सांख्यिकी काम होतं. आतून ती पहारेकऱ्याची नोंदवही होती.

आयोगाने जून २००८ मध्ये चौकशी उघडली आणि जून २००९ मध्ये धाडी घातल्या. पुन्हा तेच झालं: पीपीसी ही १८९२ पासूनची सर्वांत जुनी कंपनी माफीचा साक्षीदार झाली. नोव्हेंबर २०११ मध्ये आफ्रिसॅमने सुमारे १२ कोटी ४९ लाख रँड भरले, मार्च २०१२ मध्ये लाफार्जने सुमारे १४ कोटी ८७ लाख.

याच लाफार्जच्या भारतीय कंपनीचं नाव तीनच महिन्यांनी आपल्या स्पर्धा आयोगाच्या आदेशात आलं. जून २०१२ मध्ये भारतात अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून ६,३०० कोटी रुपयांहून जास्त दंड झाला. तिथेही उत्पादकांच्या संघटनेच्या व्यासपीठावरून फिरणारे आकडे हा एक मुद्दा होता. आपल्याकडे ते प्रकरण अपिलांच्या फेऱ्यांत अडकलं; दक्षिण आफ्रिकेत कबुली आणि तडजोडीमुळे पैसे लवकर वसूल झाले.

आता आफ्रिसॅमच्या दंडाचा हिशेब जरा जवळून पाहू. तो कंपनीच्या २०१० च्या सिमेंट उलाढालीच्या ३ टक्के होता. कुठल्या उलाढालीच्या? फक्त दक्षिण आफ्रिकेतल्या नव्हे, जकात संघातल्या पाचही देशांतल्या. म्हणजे लेसोथोच्या डोंगरात घर बांधणाऱ्या शिक्षकाने आणि बोट्स्वानात गोठ्याला कोबा करणाऱ्या शेतकऱ्याने घेतलेलं पोतंही त्या हिशेबात होतं. संगनमत फुटल्यामुळे २०१० ते २०१३ या काळात या देशांतल्या ग्राहकांचे ४.५ ते ५.८ अब्ज रँड वाचले, असा अंदाज पुढे संशोधकांनी काढला. दोन्ही कंपन्यांचे दंड मिळवूनही ३० कोटींच्या आतच राहतात. या तफावतीवरून संगनमत धंद्याला किती परवडत होतं ते कळतं.

शेजाऱ्यांच्या घरी

दक्षिण आफ्रिकेच्या आयोगाने धाड घातली म्हणून शेजाऱ्यांचं भलं झालं. त्यांच्याकडे तेव्हा काय होतं? नामिबियाचा कायदा २००३ चा, पण आयोगाचं काम सुरू व्हायला २००९ उजाडलं. बोट्स्वानाचा कायदा २००९ चा, प्राधिकरण २०११ मध्ये कामाला लागलं. म्हणजे सिमेंटच्या धाडी पडल्या तेव्हा पाचांपैकी एकाच घरात खरा पहारा होता.

उत्तरेला झाम्बियाने १९९४ मध्येच कायदा केला होता. तिथे उदारीकरणाच्या लाटेत सरकारी कारखाने विकले जात होते आणि सरकारी मक्तेदारी जाऊन खासगी मक्तेदारी येऊ नये, ही काळजी होती. पण कायद्याचे हात कसे बांधले जातात याचा नमुनाही झाम्बियातच सापडतो. तिथल्या माझाबुका गावाजवळ नाकाम्बाला इथे उसाचे मोठे मळे आणि कारखाना आहे. ऊस तिथे स्वस्तात पिकतो, साखर निर्यातही होते. तरी झाम्बियातल्या माणसाला साखर महाग पडायची. कारण देशात विकल्या जाणाऱ्या साखरेत अ जीवनसत्त्व मिसळणं सक्तीचं होतं. मुलांचं आंधळेपण टाळण्याचा हा हेतू चांगलाच. पण शेजारच्या देशांची साखर तशी नसल्याने ती सीमेवरच अडायची, आणि आतल्या मोठ्या कंपनीला स्पर्धक उरायचा नाही. संगनमताला नेहमी गुप्त बैठकच लागते असं नाही. कधी कधी चांगल्या हेतूचा नियमही तेच काम करतो.

झाम्बियाने २०१० मध्ये नवा कायदा केला आणि स्पर्धा व ग्राहक संरक्षण एकाच आयोगाकडे दिलं. त्यातलं एक कलम मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल. ग्राहकाचा हक्क नाकारणारी पाटी दुकानात लावणं तिथे गुन्हा ठरलं. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही आपल्याकडच्या बिलांवरची ओळ आठवा. तिची आफ्रिकी बहीण झाम्बियाची राजधानी लुसाकाच्या दुकानांत लटकत होती. ग्राहक चळवळीचं आणि स्पर्धा कायद्याचं काम एकच आहे, हे इथे उमगतं. एक दुकानाच्या गल्ल्यापाशी उभं राहतं, दुसरं कारखान्याच्या बैठकीच्या दाराशी.

या टप्प्यावर एक भारतीय धागाही गुंफला गेला. जयपूरची ‘कट्स’ ही संस्था १९८३ मध्ये सुरू झाली, ती खेड्यांसाठी ‘ग्राम गदर’ नावाचं भित्तिपत्रक काढत. पुढे तिने २००० ते २००२ या काळात भारत, पाकिस्तान, श्रीलंका, केनिया, टांझानिया, झाम्बिया आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या स्पर्धा कायद्यांचा तुलनात्मक अभ्यास केला आणि लुसाकात आपलं केंद्रही उघडलं. पुढच्या एका फेरीत मलावी, बोट्स्वाना, नामिबिया, मोझांबिक अशा देशांचा अभ्यास झाला. श्रीमंत देशांचा कायदा जसाच्या तसा उचलून चालणार नाही, हे गरीब देशांनी एकमेकांकडे पाहून शिकावं, हा त्यामागचा विचार होता.

लिलाँग्वेचं कार्यालय

कंपन्या सीमा मानत नाहीत आणि कायदा सीमेवर थांबतो, या पेचावर दोन वेगवेगळ्या वाटा निघाल्या.

पहिली वाट कोमेसाची. आफ्रिका खंडाच्या पूर्व आणि दक्षिण भागांतल्या देशांची ही सामाईक बाजारपेठ १९९४ पासूनची, इजिप्तपासून स्वाझीलँडपर्यंत पसरलेली. तिने डिसेंबर २००४ मध्ये सर्व सदस्य देशांवर बंधनकारक असे स्पर्धा नियम मंजूर केले. ग्राहक संरक्षणाचा एक पूर्ण भागही त्यात होता. कागदावरून जमिनीवर यायला आठ वर्षं गेली. १४ जानेवारी २०१३ ला मलावीची राजधानी लिलाँग्वे इथे कोमेसा स्पर्धा आयोगाचं काम सुरू झालं. प्रमुख होते जॉर्ज लिपिमिले, झाम्बियाच्या आयोगाचे माजी प्रमुख. एकोणीस देशांसाठी एकच खिडकी: दोन किंवा अधिक सदस्य देशांत धंदा करणाऱ्या कंपन्यांचं विलीनीकरण इथे येऊन मंजूर करून घ्यायचं.

सुरुवातीलाच घोळ झाला. किती मोठ्या व्यवहारासाठी अर्ज करायचा, याची किमान मर्यादाच शून्य ठेवली होती. म्हणजे लहानसा सौदाही लिलाँग्वेला. आणि शुल्क? कमाल ५ लाख डॉलर. कंपन्या आणि वकील ओरडले. देशाच्या आयोगाकडे जायचं की प्रदेशाच्या, की दोन्हीकडे, यावर वाद झाले. अखेर २०१५ मध्ये मर्यादा ५ कोटी डॉलर उलाढालीची किंवा मालमत्तेची ठरली आणि शुल्काची कमाल २ लाखांवर आली. शुल्कातला वाटा सदस्य देशांच्या आयोगांना मिळत असे. हा व्यवहारी मुद्दा होता, कारण ज्या देशात आयोगाला संगणक घ्यायला पैसे नसतात, तिथे हा वाटाच सहकार्याचं इंधन ठरतो.

मात्र एक फट राहिली. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया आणि लेसोथो कोमेसात नाहीत. सिमेंटच्या पाच देशांपैकी एकटं स्वाझीलँड तिथे आहे. म्हणजे प्रदेशातला सर्वांत कडक कायदा जिथे होता, तिथे सर्वांत अनुभवी पोलीस नव्हता.

दुसरी वाट सादकची, खंडाच्या दक्षिण भागातल्या देशांच्या विकास समुदायाची. इथे ही सगळी मंडळी आहेत. या समुदायाने सप्टेंबर २००९ मध्ये स्पर्धा आणि ग्राहक धोरणांतल्या प्रादेशिक सहकार्याचा जाहीरनामा काढला. पण जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे. त्याला दात नसतात. आयोगांनी एकमेकांना माहिती द्यावी, चौकशीत मदत करावी, हे ठरवणारा सामंजस्य करार बोट्स्वानाची राजधानी गॅबरोनमध्ये व्हायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात मार्च २०११ मध्ये नैरोबीत आफ्रिकन स्पर्धा मंच स्थापन झाला. वेगवेगळ्या देशांतल्या आयोगांनी मिळून साखर, सिमेंट आणि कोंबडीपालन या धंद्यांचा अभ्यास केला. झाम्बियातल्या साखरेचं कोडं उलगडलं ते याच अभ्यासात.

एकट्याने लढण्याची किंमत नामिबियाला त्याच सुमारास कळली. अमेरिकेची वॉलमार्ट दक्षिण आफ्रिकेची मासमार्ट ही साखळी विकत घेत होती. मासमार्टची दुकानं नामिबियातही होती. फेब्रुवारी २०११ मध्ये नामिबियाच्या आयोगाने स्थानिक लोकांना वाटा मिळावा अशी अट घातली. वॉलमार्ट न्यायालयात गेली आणि उच्च न्यायालयाने अटी रद्द केल्या. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने आधी मंत्र्याकडे दाद मागण्याचा मार्ग दाखवला. दोनच वर्षं वयाचा आयोग जगातल्या सर्वांत मोठ्या दुकानदाराशी कोर्टात झगडत होता. तेवढ्यात शेजारी दक्षिण आफ्रिकेत त्याच सौद्यात काढून टाकलेल्या ५०३ कामगारांना परत घेण्याचा आदेश झाला, आणि स्थानिक पुरवठादारांसाठी २० कोटी रँडचा निधी ठरला. सौदा एकच, पण पदरात काय पडलं ते देशाच्या ताकदीवर ठरलं. दोन्ही आयोग एका टेबलावर बसले असते, तर नामिबियाला कोर्टाची पायरी एकट्याने चढावी लागली नसती.

हिशेब

जागतिक बँकेने आफ्रिकन स्पर्धा मंचाबरोबर २०१६ मध्ये एक अहवाल काढला. केनिया, झाम्बिया आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांत संगनमत मोडून, आड येणारे नियम सुधारून मुख्य अन्नपदार्थांचे भाव १० टक्क्यांनी उतरले, तर ५ लाख माणसं दारिद्र्यरेषेच्या वर येतील आणि ग्राहकांचे वर्षाला ७० कोटी डॉलरहून अधिक वाचतील, असा त्याचा अंदाज होता. सर्वसमावेशक विकास हा शब्द परिषदांमध्ये फार गुळगुळीत झाला आहे. त्याचा अर्थ इथे मोजून मिळतो: कोणालाही अनुदान न देता, फक्त चोरी थांबवून.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आफ्रिकन संघाने खंडव्यापी मुक्त व्यापार क्षेत्रासाठी स्पर्धा धोरणाचा प्रोटोकॉल स्वीकारला. आता कोमेसा आणि सादक यांच्या वाटा एकत्र यायला जागा आहे. पण संस्था किती उघडल्या, यावर या इतिहासाचं यश मोजू नये. केप फ्लॅट्सवरच्या वितरकांनी तक्रार केली नसती तर आयोगाला ब्रेडचा थांग लागला नसता, आणि कंपन्यांतल्याच एकीने तोंड उघडलं नसतं तर पोर्ट शेपस्टोनची बैठक कागदावर आली नसती. कायद्याला आधी कोणीतरी बोलणारा लागतो, आणि त्या बोलण्याला सीमेपलीकडेही कान लागतो. दुसरी गोष्ट अजून अर्धवट आहे.

जकात संघाच्या २००२ च्या करारात स्पर्धा कायद्याच्या अंमलबजावणीत पाचही देशांनी सहकार्य करावं, असं ४० वं कलम आहे. आफ्रिसॅमचा दंड पाच देशांतल्या विक्रीवर मोजला गेला. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याप्रमाणे तो भरला गेला फक्त तिच्याच राष्ट्रीय तिजोरीत. या देशांनी जकात १९१० पासून वाटून घेतली. हा दंड मात्र वाटला गेला नाही.